घसरायचे पैसे

मंडळी, दरवर्षी सप्टेंबर आला की आपल्या डेन्व्हरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन विषय एकदम सुरू होतात. एक, गणपतीची वर्गणी किती. दोन, यंदा स्कीचा पास घ्यायचा का. वर्गणीचं दहा मिनिटांत ठरतं. पासचं मात्र थँक्सगिव्हिंगपर्यंत चालतं, कारण दर थोड्या दिवसांनी "किंमत वाढायच्या आत घ्या" अशी ई-मेल येते आणि ज्यांनी नाही ठरवलेलं असतं तेही पुन्हा डळमळतात. यंदा नव्याने आलेल्या एका जोडप्याने सरळच विचारलं, "हे एवढं वर्थ आहे का हो?" त्यावर पंचवीस जणांनी पंचवीस उत्तरं दिली. ग्रुपवर मुद्दा मांडायला गेलं की मध्येच कुणाचे तरी गुड मॉर्निंगचे गुलाब येतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी किमतीचं बोलू. व्हेल (मासा नव्हे, आपल्यापासून शंभर मैलांवरचं गाव) इथला स्की रिसॉर्ट सुरू झाला १५ डिसेंबर १९६२ ला. दुसऱ्या महायुद्धात डोंगरी लढाईसाठी जी तुकडी तयार केली होती, दहावी माउंटन डिव्हिजन, तिचं प्रशिक्षण इथेच लेडव्हिलजवळच्या कॅम्प हेलला झालं होतं. त्यातला इटलीत जखमी झालेला एक सैनिक, पीट सायबर्ट, परत आला आणि अर्ल ईटन नावाच्या स्थानिक माणसाबरोबर त्याने हा डोंगर हेरला. पहिल्या मोसमात दिवसाचं तिकीट होतं ५ डॉलर. महागाई धरली तर ते आजचे पन्नासेक डॉलर होतात. २०२४-२५ च्या मोसमात त्याच व्हेलच्या खिडकीवर गर्दीच्या दिवसांचं तिकीट ३२९ डॉलर होतं. एका माणसाचं, एका दिवसाचं. फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिने मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, "अठ्ठावीस हजार? घसरायचे?"

आता यातली गंमत अशी की ते तिकीट तुम्ही घ्यावं अशी कुणाची फारशी अपेक्षाच नाही. लक्ष्मी रोडच्या सेलमध्ये आधी फुगवलेला भाव लिहायचा, त्यावर काट मारायची, आणि मग खरा भाव स्वस्त वाटायला लावायचा, तसलाच हा प्रकार. व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने २००८ मध्ये एपिक पास काढला, ५७९ डॉलरला, आणि त्यात सगळा मोसम वाट्टेल तेवढं स्की करा म्हणून सांगितलं. त्याआधी एवढ्या डोंगरांचा पास याहून कितीतरी महाग असे. २०१८ मध्ये दुसऱ्या बाजूने आयकॉन पास आला. तेव्हापासून खिडकीवरचं तिकीट हे बुजगावण्यासारखं उभं असतं. त्याच्याकडे बघून आपण पासकडे पळायचं.

पास घेणाऱ्याला तो खरंच स्वस्त पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात एक अदलाबदल झाली आहे. पूर्वी बर्फ पडला नाही की लोक यायचे नाहीत आणि रिसॉर्टचं नुकसान व्हायचं. आता आपण पैसे भरतो उन्हाळ्यात, बर्फाचा पत्ता नसताना. बर्फ पडो न पडो, कंपनीचे पैसे आधीच खात्यात. आमच्या सातारकडे खंडाने जमीन करणाऱ्याला पाऊस झाला नाही तरी खंड द्यावाच लागायचा, ती आठवण येते. हवामानाचा जुगार पूर्वी मालक खेळत होता, आता आपण खेळतो. आणि इथला बर्फ पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही, हे पंधरा-वीस वर्षं इथे राहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आणखी एक आकडा बघा. २०२१ मध्ये कंपनीने पासची किंमत एकदम वीस टक्क्यांनी उतरवली. पूर्ण एपिक पास झाला ७८३ डॉलर. सगळीकडे कौतुक झालं. यंदा, २०२५-२६ साठी, पूर्ण पासची सुरुवातच १,०५१ ला झाली. आणि ७८३ ला काय मिळालं? एपिक लोकल. म्हणजे सणासुदीचे दिवस वगळून आणि व्हेल-बीव्हर क्रीकचे मिळून मोजके दिवस. चार वर्षांपूर्वी ज्या पैशात पूर्ण ताट येत होतं त्यात राइस प्लेट आली.

तुम्ही म्हणाल, महाग वाटतं तर दुसरीकडे जा. जाऊ की, पण दुसरीकडे म्हणजे कुठे? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या देशात सातशेहून जास्त स्की एरिया होते, आज पाचशेच्या आत आहेत. जे मिटले ते बहुतेक लहान, घरगुती, एका दोरीच्या लिफ्टचे. १९९७ मध्ये व्हेलवाले ब्रेकनरिज, कीस्टोन आणि अरापाहो बेसिन एकदम घ्यायला निघाले तेव्हा केंद्राच्या न्याय खात्याने सांगितलं की डेन्व्हरच्या गिऱ्हाइकाला पर्याय उरणार नाही, अरापाहो बेसिन विकावं लागेल. त्यांनी ते विकलं. तेच अरापाहो बेसिन २०२४ मध्ये आल्टेराने, म्हणजे आयकॉन पासवाल्यांनी घेतलं. एका घरातून सुटून ती दुसऱ्या मोठ्या घरात गेली, एवढंच. आता आपल्या घरापासून दोन तासांच्या आत जे मोठे डोंगर आहेत ते बहुतेक या दोन पासांच्या झोळीत आहेत.

युरोपातले मित्र यावर हसतात. ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गसारख्या बड्या ठिकाणी दिवसाचं तिकीट ऐंशी युरोच्या आसपास आहे. तिथे एका खोऱ्यात चार लिफ्ट कंपन्या, त्यात गावाचा हिस्सा, शेतकऱ्यांच्या कुरणांवरून उतार, आणि रात्री राहायला कुणाच्या तरी काकूची खानावळ. इथे डोंगर, लिफ्ट, हॉटेल, भाड्याचे बूट, शिकवणी आणि वरचा बर्गर, सगळं पुष्कळदा एकाच गल्ल्यात जातं. व्हेलसारख्या ठिकाणी पूर्ण दिवसाची खाजगी शिकवणी हजार डॉलरच्या वर आहे. त्यात आपलं इंजिनिअरिंगचं एक सेमिस्टर झालं असतं, आणि मेसचे पैसे उरले असते.

मला मात्र किमतीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचते. हे डोंगर यांचे नाहीत. व्हेल, बीव्हर क्रीक, ब्रेकनरिज, कीस्टोन, कॉपर ही सगळी मंडळी पूर्णपणे नाहीतर बऱ्याच भागात व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर आहेत. म्हणजे सरकारी जंगल, म्हणजे तुमचं-आमचं. वन खातं त्यांना परवाना देतं आणि बदल्यात संबंधित उत्पन्नाच्या दीड ते चार टक्क्यांपर्यंत फी घेते. तो तक्ता १९९६ च्या कायद्यात ठरला आहे. तिकिटाची किंमत किती असावी याबद्दल त्यात आपल्याला फारसं विचारलेलं नाही. मी पुण्यात शिकत असताना दर रविवारी सिंहगड चढायचो. पायी जाणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. वर गेल्यावर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी, खिशात तीस रुपये असले तरी माणूस राजा. तिथे लिफ्ट नव्हती, बर्फ कुदळून सारखा करायचा नव्हता, पाय मोडला तर खाली आणायला पथक नव्हतं, हे मला समजतं. या सगळ्याला पैसे लागतात. पण सार्वजनिक डोंगरावर जायचं तर आधी हजार डॉलर भरायचे, हे गणित "लिफ्टला वीज लागते" एवढ्याने सुटत नाही.

पैसे कुठे जातात याचा अंदाज गेल्या नाताळात आला. युटातल्या पार्क सिटीत, तीही व्हेल रिसॉर्ट्सचीच, २७ डिसेंबर २०२४ पासून सुमारे दोनशे स्की पट्रोलर संपावर गेले. हिमकडे सुरुंगाने पाडणारे, जखमींना स्लेजवर घालून खाली आणणारे हे लोक. मागणी काय, तर सुरुवातीचा पगार तासाला २१ डॉलरचा २३ करा. दोन डॉलर. ऐन सुट्टीत डोंगराचा मोठा भाग बंद राहिला, लोक तासन् तास रांगेत उभे राहिले, त्यांचे व्हिडिओ जगभर फिरले, आणि जानेवारीत कंपनीने मान्य केलं. मे महिन्यात कंपनीच्या सीईओ बदलल्या आणि २००८ मध्ये पास काढणारे रॉब कॅट्झ परत आले. यंदा पासवाल्याने मित्र आणला तर त्याला तिकिटात निम्मी सूट, अशी टूम निघाली आहे. खिडकीकडे लोक फिरकेनासे झाले हे त्यांच्याही लक्षात आलेलं दिसतंय.

फेब्रुवारीत एका लिफ्टवर खुर्ची धरून उभा असलेला एक पोरगा भेटला. पेरूचा. त्यांची उन्हाळी सुट्टी म्हणजे आपला हिवाळा, त्यामुळे दरवर्षी दक्षिण अमेरिकेतले असे पुष्कळ कॉलेजचे विद्यार्थी तात्पुरत्या व्हिसावर येतात. लिफ्ट पाच मिनिटं बंद पडली होती म्हणून बोलणं झालं. सहा जण मिळून दोन खोल्यांत राहतात, आणि बस चुकली तर उणे वीसमध्ये चालत. "तू स्की करतोस का?" मी विचारलं. पास फुकट मिळतो म्हणाला, पण सुट्टीच्या दिवशी तो दुसऱ्या हॉटेलात भांडी घासायला जातो. लिफ्ट सुरू झाली, त्याने आमची खुर्ची धरली आणि "हॅव फन" म्हणाला.

आता आमच्या घरचा हिशेब, कारण वर्थ आहे का हे दुसऱ्याच्या आकड्यांवरून कळत नाही. गेल्या मोसमात आम्ही चौघे चौदा दिवस गेलो. दोघांचे लोकल पास १,४६२. दोन मुलांचे मिळून साधारण साडेसातशे. मुलांचे मोसमभराचे भाड्याचे बूट आणि स्की चारशे. पेट्रोल, टोल, पार्किंग सहाशेच्या वर. दोनदा रात्री राहिलो त्याचे सातशे. हातमोजे दरवर्षी एक तरी हरवतो, गॉगल दरवर्षी एक तरी फुटतो, ते तीनशे. आणि पोळीचे रोल, थालिपीठ, थर्मासमध्ये चहा असा सगळा जामानिमा नेऊनही वर "बाबा, हॉट चॉकलेट" होतंच, त्याचे साडेतीनशे. सगळं मिळून सुमारे ४,६००. चौदाने भागलं की दिवसाला ३२९ येतात. हो, बरोबर खिडकीवरच्या एका तिकिटाएवढे, फक्त चौघांचे. हे काही मी जुळवून आणलेलं नाही, वहीत तसंच निघालं.

त्याच वहीत मागच्या पानावर आईच्या गुडघ्यांचं एस्टिमेट आहे. दोन्ही गुडघे, साताऱ्यात, दिवाळीनंतर. चार लाखांच्या आसपास. ४,६०० डॉलरचे आजच्या भावाने किती होतात ते करून बघा. आईचं ऑपरेशन स्कीमुळे अडलेलं नाही, ते होणारच आहे, भावाने आणि मी वाटून घेतलंय. पण बायकोचं कंत्राट जूनमध्ये संपलं, माझ्या ऑफिसात वसंतात दोन टीम घरी गेल्या, आणि तसल्या वर्षी हे दोन आकडे एकमेकांशेजारी आले की माणूस पास घ्यायच्या बटणावर बोट ठेवून थांबतो.

मग सोडून का देत नाही? इथे जरा थांबून सांगतो, कारण ग्रुपवर निम्मे लोक म्हणाले "श्रीमंतांचे चाळे" आणि निम्मे म्हणाले "एकदा करून तर बघ", आणि दोघांनीही नेमकं सांगितलं नाही.

मी सदतिसाव्या वर्षी शिकलो. त्याआधी बर्फ बघितला होता तो फ्रीजरमध्ये. पहिले दोन दिवस चार वर्षांची पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी सूं करून जात होती आणि मी देवाचं नाव घेत आडवा होत होतो. तिसऱ्या दिवशी एकदम वळता आलं. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलं आणि डोंगर स्वतःच वळला, असं वाटलं. शाळेत कबड्डीत मला कधी कुणी संघात घेतलं नाही. शरीराकडून असा आनंद मिळतो हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर समजलं. त्याआधी नोव्हेंबर ते एप्रिल म्हणजे घर, गराज, ऑफिस, गराज, घर. आता जानेवारीतल्या सकाळी अकरा हजार फुटांवर, झाडांवर बर्फ आणि आभाळ एवढं निळं की खोटं वाटावं, तिथे उभं राहिलं की या राज्यात आपण राहतो म्हणजे काय हे कळतं.

पण खरे पैसे मी त्याचे मोजत नाही. मी मोजतो चेअरलिफ्टचे. सात-आठ मिनिटं खुर्चीत दोघंच, पाय लोंबकळत, हातात जाड हातमोजे, त्यामुळे फोन काढता येत नाही. घरात जी थोरली "कशी होती शाळा?"ला "फाइन" एवढंच म्हणते, ती तिथे आपणहून बोलते. कोण कुणाशी बोलेनासं झालं, नावाचा उच्चार चुकीचा करणाऱ्या शिक्षकाला तिने काय सांगितलं, मोठेपणी तिला काय व्हायचं नाहीये. माझ्याकडे न बघता, समोरच्या झाडांकडे बघत बोलते. दिवसात दहा-बारा फेऱ्या धरा. पुढच्या महिन्यात ती तेरा वर्षांची होते. पासच्या तक्त्यात लहान मुलांचा दर संपतो. आणखी चार-पाच वर्षांनी ती कुणाशेजारी बसून वर जाईल कुणास ठाऊक.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. खिडकीवरच्या किमतीला हे वर्थ नाही, कुणालाच नाही, आणि भारतातून आठ दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना "एक दिवस स्की करून बघा" म्हणून घेऊन जाणं बंद करा. त्यापेक्षा त्यांना ट्यूब घेऊन टेकडीवरून घसरवा, फोटो तेवढेच छान येतात. पासाच्या किमतीला ज्यांना दहाहून जास्त दिवस नक्की जमतं त्यांना वर्थ आहे. मधल्यांची पंचाईत. पास घेतला की तो वसूल करायचा असतो, आणि मग शनिवारी पहाटे पाचला उठून सगळं डेन्व्हर आय-७० वर उभं राहतं, आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी लाल दिव्यांची माळ. मजा करायला चाललोय की हप्ता फेडायला, हे कळत नाही.

आमचं यंदाचं ठरलं ते असं. बायको म्हणाली, मला खालीच बरं वाटतं, वर न्यायचा आग्रह करू नका. ती सुटली. धाकटा पाचवीत आहे, आणि कोलोराडोतल्या पाचवीपर्यंतच्या मुलांना व्हेलवाल्यांच्या डोंगरांवर मोजके दिवस फुकट मिळतात (ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी हे नक्की बघा, नोंदणी वेळेत करा, दुसऱ्या बाजूच्या डोंगरांसाठीही शाळकरी मुलांचा वेगळा स्वस्त पासपोर्ट आहे). थोरली आणि मी लव्हलँडचं चार-चार दिवसांचं पाकीट घेतोय. लव्हलँड बोगद्याच्या अलीकडे आहे, दोन्ही मोठ्या पासांत नाही, तिथे हॉटेल नाही, दुकानांची गल्ली नाही, वारा मात्र भरपूर. दोनदा गाडी काढायच्या ऐवजी राज्याच्या स्नोस्टँग बसने जाऊ. चौदाच्या जागी चारच दिवस होतील. फेऱ्या कमी, पण होतील.

आणि एक सार्वजनिक काम, जे बहुतेकांना माहीत नसतं. विंटर पार्क हा डोंगर डेन्व्हर शहराच्या मालकीचा आहे. १९४० मध्ये शहराने तो आपल्या लोकांसाठी म्हणून सुरू केला, रेल्वेने जाऊन यायचं असा बेत होता, आणि आजही हिवाळ्यात युनियन स्टेशनवरून गाडी थेट डोंगराच्या पायथ्याशी जाते. २००२ पासून तो कंपनीला चालवायला दिलाय, आता आल्टेराकडे आहे. शहराला त्याचं भाडं मिळतं. मालक आपण, आणि तिकिटाच्या खिडकीवर आपण टेक्सासच्या पाहुण्याच्याच रांगेत. डेन्व्हरच्या रहिवाशांना वर्षातले काही दिवस परवडणाऱ्या दरात मिळावेत, निदान शाळांतल्या ज्या मुलांनी तो डोंगर फक्त खिडकीतून बघितलाय त्यांना तरी, एवढं मागायला हरकत काय आहे? नेदरलँड नावाचं आपल्या जवळचं एवढंसं गाव २०२५ मध्ये एल्डोराचा डोंगर विकत घ्यायच्या खटपटीत होतं. व्हर्माँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन १९९५ पासून स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकार म्हटलं की आपल्याला कारखाना आणि निवडणुका आठवतात, पण जमतं ते. १९७२ मध्ये याच राज्यातल्या लोकांनी हातात आलेलं हिवाळी ऑलिम्पिक मतदान करून परत पाठवलं होतं, कारण त्यांनी विचारलं होतं की खर्च कोण करणार आणि फायदा कुणाला. कोलोराडोच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही.

मी माझ्या कौन्सिल सदस्याला पत्र लिहिलंय, अर्ध्या पानाचं. मसुदा हवा असेल त्यांनी कॉमेंटमध्ये सांगा, मराठी-इंग्रजी दोन्ही देतो. इलेक्शनच्या वर्षाची वाट बघू नका.

शेवटचं, गराज आवरायचंय. थोरलीचे जुने स्की बूट आहेत, २२.५ नंबर, एक बकल जरा घट्ट. धाकट्याचं हेल्मेट आहे, पण त्याला एकदा जोरात मार बसलाय म्हणून ते देणार नाही, कुणी मागू नका. बायकोची जॅकेट-पँट जवळजवळ नवी. जे नवीन जोडपं विचारत होतं त्यांना पहिला मान, त्यांनी रविवारी यावं. पैसे नकोत, येताना अर्धा किलो चितळेंची बाकरवडी मिळाली तर बघा, इंडियन स्टोअरमध्ये परवा संपली होती.